ताराराणी कॉमिक कॉनला जाते

पोरांना घेऊन मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या जत्रेला, जाऊन आलो हे कळल्यापासून ओळखीचे आईबाप एकच विचारतात. एवढ्या लांब, एवढ्या गर्दीत, एवढ्या लहान मुलांना न्यायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास, सकाळी मुंबईत उतरायचं, कुणा नातेवाइकाकडं आंघोळी उरकायच्या आणि मग एका प्रचंड हॉलमध्ये मुखवटे, रांगा, स्टेजवरचा ढणढणाट. आमची थोरली सात वर्षांची, धाकटा चार. निघायच्या आधी माझ्या आईनं सरळ सांगितलं होतं, "त्यापरीस जोतिबाला न्या की पोरांना. गुलाल बी खेळतील आणि दर्शन बी हुईल."

जोतिबाला आम्ही नेतोच. आणि लहान मुलाला गर्दीत कसं न्यायचं हे आम्हाला जोतिबाच्या डोंगरानंच शिकवलंय. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचत येतात, गुलालानं समोरचं माणूस दिसेनासं होतं, "चांगभलं"च्या गजरात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. अशा ठिकाणी ज्यांनी पोरं खांद्यावर घेऊन हिंडवली आहेत, त्यांना कॉमिक कॉन अवघड जाणार नाही. पोराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी, शिवाय दंडावर पेनानं तोच नंबर. आत शिरल्या शिरल्या एक ठळक खूण ठरवायची आणि बोटानं दाखवून सांगायचं, "चुकलास तर इथं येऊन थांब, आम्हाला शोधत फिरू नको." दार उघडायच्या वेळेला हजर राहायचं, दुपारी गर्दी चढायला लागली की बाहेर पडायचं. संध्याकाळचा कार्यक्रम कितीही मोठा असला तरी तो लहान मुलांचा नव्हे. कडेवरचं पोर पेंगायला लागलं की देवळातलं दर्शनसुद्धा आपण उरकतं घेतो, मग इथंच हट्ट कशाचा?

गर्दीचं असं निभावतं. पण कशाला न्यायचं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. चित्र काढणारा माणूस दाखवायला न्यायचं. मोबाइलमधून आणि टीव्हीतून आमच्या पोरांवर दिवसभर चित्रं आदळतात. ती कुणीतरी बसून, मान मोडून, हातानं काढलेली असतात, हे त्यांना कुठं दिसतच नाही. त्यांच्या लेखी चित्र हे पाण्यासारखं नळातून येतं. ते काढणारा हात त्यांनी एकदा जवळून बघावा, एवढ्यासाठी मी रात्रभर गाडीत बसायला तयार आहे.

या जत्रेचा इतिहास तसा जुना. अमेरिकेत सॅन डिएगो शहरात १९७० साली शेल डॉर्फ आणि काही तरुण चाहत्यांनी एका हॉटेलात असा मेळावा भरवला, आणि त्याचंच पुढं जगातलं सगळ्यात गाजलेलं कॉमिक कॉन झालं. आपल्याकडं जतीन वर्मा यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटात पहिलं कॉमिक कॉन भरवलं आणि त्याच वर्षी ते मुंबईलाही आलं. दिल्लीच्या त्या पहिल्या मेळ्यात अमर चित्रकथेचे अनंत पै यांचा जीवनगौरव पुरस्कारानं सन्मान झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच, २४ फेब्रुवारीला, ते गेले. ज्यांच्या चित्रकथांवर १९६७ पासून देशातल्या पोरांच्या पिढ्या वाढल्या, त्यांचा गौरव या पहिल्याच मेळ्यात झाला, याचं मला फार समाधान वाटतं.

थोरलीला ताराराणी व्हायचं होतं. यात आश्चर्य काहीच नाही. कावळा नाक्यावरचा तो पुतळा, मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा आणि त्यावर तलवार उगारलेली राणी, ही तिची रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावरची. पुतळा रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला. तिथून जाताना आमची रिक्षा सिग्नलला थांबली की ही बाहेर डोकं काढून घोड्याचे हवेतले पाय बघत बसते. घोडा पडत कसा नाही, हा तिचा जुना प्रश्न. कॉमिक कॉनला पोरं आवडत्या पात्राचा वेश करून जातात असं सांगितल्यावर तिनं क्षणभरही विचार केला नाही. मला वाटलं होतं की निदान एखादी परदेशी पोशाखातली, झगा उडवणारी नायिका मागेल. नाही. ताराराणी.

वेश करायला कोल्हापुरात काय तोटा! नऊवारी माझ्या बहिणीच्या लग्नातली कापून शिवली, शेला ड्रेपरीच्या दुकानातून भाड्यानं आणला. तलवार मात्र मी घरीच केली. पुठ्ठ्याचे तीन थर फेविकॉलनं चिकटवून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवले, सकाळी कापून धार दिली, वरून रुपेरी बेगड चढवली, मुठीला सुतळी गुंडाळून सोनेरी रंग दिला. धातूची किंवा टोकदार हत्यारं अशा ठिकाणी आत सोडत नाहीत, प्रॉप दारातच तपासतात. पुठ्ठ्याची तलवार बघून तपासणारा गडी हसला आणि त्यानं थोरलीला कडक सलाम ठोकला.

हे काम करताना माझे हात आपोआप चालत होते, कारण आम्ही तालमीत, म्हणजे पेठेतल्या आखाड्याच्या मंडळात, वाढलेली माणसं. गणपतीत आमच्या पेठेत सजीव देखावे व्हायचे, अजूनही होतात. आधी महिनाभर तालमीच्या खोलीत पुठ्ठे, बांबू, पोत्याचं कापड आणि रंगाचे डबे यांचा पसारा असायचा. कुणी संवाद रेकॉर्ड करायचा, कुणी लाइट सांभाळायचा. आम्ही लहान पोरं मावळे. ओठावर स्पिरिट गम लावून मिशी चिकटवायचे, त्याचा गार चटका आणि उग्र वास अजून नाकात आहे. हॅलोजनच्या उजेडात घाम सुटला की मिशीची एक बाजू सुटायची आणि हललं तर देखावा मोडेल म्हणून आम्ही श्वास रोखून तसेच उभे. समोर रस्त्यावर माणसांचा समुद्र. आपण आपले राहिलेलो नाही, कुणीतरी दुसरेच झालोय, आणि हजार डोळे त्या दुसऱ्याकडं बघताहेत, हा अनुभव सहा-सात वर्षांच्या पोराला काय देतो ते मला ठाऊक आहे. म्हणून मुंबईच्या त्या हॉलमध्ये घरी शिवलेले, चिकटवलेले, रंगवलेले पोशाख घालून हिंडणारी तरुण मुलं बघितली तेव्हा मला ती परकी वाटलीच नाहीत. आमच्या तालमीतलीच वाटली.

धाकट्याचं तंत्र वेगळं होतं. आत शिरून दहा पावलं गेलो असू, समोरून सहा-साडेसहा फुटांचा एक चिलखतधारी आला. डोक्यावर पूर्ण शिरस्त्राण, डोळ्यांच्या जागी लाल दिवे. धाकटा माझ्या पायावरून थेट मानेपर्यंत चढला आणि शर्टात तोंड खुपसून बसला. घरी आम्ही त्याला फोटो दाखवले होते, "आत माणूस असतो रे" म्हणून सांगितलं होतं, त्यानं ते शहाण्यासारखं ऐकलंही होतं. पण या वयाला ऐकणं वेगळं आणि समोर उभं ठाकणं वेगळं. रीटा डीव्रीज या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९६९ सालचा एक सुंदर अभ्यास आहे. त्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मेनार्ड नावाचं एक मांजर दाखवलं आणि मग त्या मांजराला कुत्र्याचा मुखवटा चढवला. मांजराचा मागचा भाग सगळा वेळ मुलांसमोरच होता. तरी तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना ते आता कुत्रं झालं असं वाटलं. सहा वर्षांच्या मुलांना मात्र ते मांजरच आहे हे पक्कं ठाऊक होतं. चार वर्षांचं पोर या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी लोंबकळत असतं. त्यामुळं "एवढं काय घाबरतोस, खोटंय ते" असं म्हणून मुलाला मुखवट्यापुढं ढकलू नये. त्याच्यासाठी ते खोटं नसतं.

आम्ही भिंतीकडेला जाऊन लांबून बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं तोच चिलखतधारी आमच्याच बाजूला येऊन खाली बसला. मित्रानं त्याच्या शिरस्त्राणाचा पट्टा सोडवला. आतून निघाला विशीतला एक किरकोळ मुलगा, केस घामानं कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद. घटाघटा पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "काका, रुमाल आहे का एखादा?" मी धाकट्याचा नॅपकिनच दिला. धाकटा शर्टातून एक डोळा बाहेर काढून हे सगळं बघत होता. मग त्या मुलानं हातावरचं चिलखत काढून त्याच्यापुढं धरलं. धाकट्यानं आधी बोट लावलं, मग दाबलं. मऊ! फोमच्या जाड शीटचे तुकडे कापून, हीट गननं वाकवून, वर रुपेरी रंग मारलेला. "ही चटई हाय?" त्यानं विचारलं. "चटईच आहे," तो मुलगा म्हणाला, "घरात बसून दोन महिने कापत होतो. आई ओरडायची." त्यानंतर धाकटा कुठल्याही मुखवट्याला बिचकला नाही. प्रत्येकाजवळ जाऊन त्याला फक्त हात लावून बघायचा होता, हे कशाचं केलंय ते.

इथं एक गोष्ट मुलांना शिकवावीच लागते. वेश केलेला माणूस म्हणजे सार्वजनिक पुतळा नव्हे. हात लावायच्या आधी विचारायचं, फोटो काढायच्या आधी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर हसून पुढं जायचं. जगभरच्या अशा मेळ्यांत याबद्दल आता ठळक पाट्या लावलेल्या असतात, कारण वेश केला म्हणजे वाटेल तसं वागायला परवानगी मिळाली असं समजणारी माणसं सगळीकडं भेटतात. थोरलीला ते लगेच कळलं, कारण तिचेही फोटो लोक मागत होते. ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी तिनं तलवार उगारली. एकानं न विचारता मोबाइल रोखला, तिनं पाठ फिरवली. मला तिचा फार अभिमान वाटला. "कौन सा कॅरेक्टर है बेटा?" असं कुणी विचारलं की ती आपल्या मोडक्या हिंदीत सांगायची, "ताराराणी. हमारे कोल्हापूर की. औरंगजेब से लढी थी." दोघीतिघी पोरींनी तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर शोधून वाचलं. पंचविशीच्या आत राज्याचा कारभार हाती घेऊन सात वर्षं बलाढ्य मुघल फौजेशी झुंज देणारी बाई. त्यांच्या हातातल्या कुठल्याच कॉमिकमधली नायिका हिच्यापुढं टिकणार नव्हती.

आता ज्याच्यासाठी गेलो ते. हॉलच्या एका बाजूला चित्रकारांची टेबलं ओळीनं मांडलेली असतात, त्याला आर्टिस्ट अ‍ॅली म्हणतात. मधल्या झगमगाटात आधी शिरलात तर इथं पोचेपर्यंत मुलं दमलेली असतात, म्हणून दारातून थेट इकडंच यावं. इथं गोंगाट कमी, माणसं बोलायला मोकळी, आणि सकाळी गिऱ्हाईक नसल्यामुळं ती चित्रं काढत बसलेली सापडतात. आम्हाला डोंबिवलीची एक मुलगी सापडली. तिनं थोरलीकडं एकदा बघितलं, शेजारची खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "बस राणी, तुझं चित्र काढू."

आधी तिनं पेन्सिलीनं नुसत्या फिकट रेघा मारल्या, एक गोल, मग मानेची रेघ, खांद्याची तिरकी रेघ. थोरली म्हणाली, "हे मी नाही." "थांब, होशील," ती म्हणाली. मग काळ्या शाईचं पेन घेतलं. शाईची पहिली रेघ पडली, नऊवारीचा काष्टा उमटला, आणि थोरलीनं श्वासच घेतला नाही. नाकापर्यंत सगळं छान आलं आणि डाव्या डोळ्याची रेघ घसरली. पेन थांबलं. थोरलीनं वर बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "ताई, तुझं पण चुकतं?"

"रोज," ती म्हणाली. ड्रॉवरमधून पांढऱ्या शाईची लहान बाटली काढली, बारीक ब्रशनं तो डोळा झाकला, फुंकर मारून वाळवला आणि त्यावर पुन्हा डोळा काढला. शाई सुकल्यावर खोडरबरानं खालची पेन्सिल पुसली. मोठमोठ्या कॉमिकांत ही कामं वेगवेगळी माणसं करतात हेही तिनं सांगितलं. पेन्सिलीचं एक जण, शाईचं दुसरा, रंगांचं तिसरा, फुग्यातली अक्षरं लिहायला आणखी कुणी. मग एका कागदावर तिनं दोन चौकटी आखल्या. पहिलीत उगारलेली तलवार, दुसरीत जमिनीवर पडलेली ढाल. आणि दोन्हींच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "इथं काय झालं?" थोरलीनं सगळी लढाई सांगितली, घोड्यासकट, पाचेक मिनिटं. "बघ," ती म्हणाली, "मी हे काढलंच नाही. तू काढलंस."

शाळेच्या चित्रकलेच्या तासाला आमच्या पोरीचं चित्र रेघेबाहेर रंग गेला म्हणून परत येतं. इथं एक शिकलेली, कमावती चित्रकार तिच्या डोळ्यांदेखत चुकली, चूक झाकली आणि पुढं गेली. त्या दिवशी या टेबलाशिवाय आम्हाला दुसरं काही बघायला मिळालं नसतं तरी माझी तक्रार नव्हती.

बाकी हॉलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निम्मी जागा विक्रीची. टी-शर्ट, मग, बाहुल्या, पोस्टर. मुलांना आधीच एकेक नोट हातात द्यावी आणि ती संपली की संपली. काही स्टॉलवरची चित्रं रक्तबंबाळ असतात, म्हणून आईबापांपैकी एकानं आधी फेरी मारून यावी आणि दुसऱ्यानं मुलं सांभाळावीत. स्टेजजवळ आवाज इतका असतो की चार वर्षांच्या कानांना तो सोसवत नाही. कान झाकायचे हेडफोन मिळतात ते न्यावेत, नाहीतर तिकडं फिरकूच नये.

मला खरं खुपलं ते दुसरंच. थोरली आता मराठी वाचायला लागली आहे, फलकसुद्धा सोडत नाही. प्रत्येक टेबलापाशी ती विचारायची, "मराठीतलं आहे?" इंग्रजी होतं, हिंदी होतं. मराठी मला फारसं दिसलं नाही. १९५२ पासून चांदोबा मराठीत घरोघरी येत होता, अमर चित्रकथा मराठीत वाचत आम्ही मोठे झालो, १९९१ पासून पेपर हातात आला की आधी चिंटू वाचायचा असा आमच्या घरात रिवाज होता. आणि या पोरीनं विचारल्यावर मला बोट दाखवायला टेबल सापडू नये? वाचणारी पोरं आहेत. काढणारे हात कोल्हापुरात तर गल्लोगल्ली आहेत.

कारण हे गाव त्या हातांचंच आहे. बाबूराव पेंटर इथंच चित्रं आणि नाटकाचे पडदे रंगवत होते. सिनेमा करायचा ध्यास लागला तेव्हा त्यांनी कॅमेरासुद्धा स्वतः खटपट करून बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला सैरंध्री आणला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढं प्रभात फिल्म कंपनीचे खांब झाले, आणि ते प्रभातही १९२९ साली कोल्हापुरातच सुरू झालं. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज हजारो माणसं ओलांडतात. आमच्या पोरांना तो कुणाचा, कशाचा हे कुणी सांगितलेलं नसतं. परत आल्यावर मी दोघांना तिथं घेऊन गेलो. त्या माणसानं कॅमेरा घरी बनवला होता म्हटल्यावर धाकट्यानं विचारलं, "चटईचा?" मी त्याला धातूचं, लाकडाचं, भिंगाचं जेवढं मला समजतं तेवढं सांगितलं. तिथून गंगावेशीच्या कुंभार गल्लीत गेलो. मूर्तींची आखणी चालली होती. गणपतीचा डोळा रेखताना कारागीर श्वास धरतो ते थोरलीला आता लगेच दिसलं. "चुकलं तर पांढरा रंग लावता का?" तिनं विचारलं. "लावतो की," ते म्हणाले, "पर चुकू नये म्हणून आधी च्या पितो."

सध्या मी आमच्या तालमीच्या कारभाऱ्यांच्या मागं लागलोय. गणपतीच्या पसाऱ्याआधी तालमीची खोली एका रविवारी मोकळी द्या म्हणून. दळवीज् आणि कलानिकेतन या इथल्या चित्रकलेच्या संस्थांत शिकणारी दोनचार पोरं यायला तयार आहेत, पेन, शाई, पांढऱ्या शाईच्या बाटल्या मी आणतो. पेठेतल्या पोरांनी जमिनीवर बसून चार चौकटींची एकेक गोष्ट मराठीत काढायची, झेरॉक्स मारून, मध्ये स्टेपल करून त्याच दिवशी विकायची, दहा रुपयांना. ज्याला वेश करायचा त्यानं करून यावं, पण कपडा घरातला आणि हत्यार पुठ्ठ्याचं. कारभारी सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "खोली देतो. पर पोरं शाई सांडणार, जाजम गुंडाळून ठेवायचं काम तुमचं." जाजम लांबरुंद आहे, चौघांशिवाय उचलत नाही. तिघं मिळालेत. शिवाजी पेठेत राहणारं कुणी हे वाचत असेल तर चौथं माणूस हवंय.